हात वर केला की थांबायचं

चि. रेवा आणि चि. ईशान,

डिसेंबरात तुम्ही नांदेडला आलात तेव्हा ईशानने विचारलं होतं, आजी, तुझ्या दाराला बेल का नाही? रेवाचे प्रश्न दोन होते: बाहेरच्या खोलीतल्या सगळ्या खुर्च्या भिंतीला टेकून का ठेवल्या आहेत, आणि दाराच्या फटीत वीट कशाला? मी तिन्ही प्रश्नांना "सांगेन" म्हटलं आणि मग लग्नाच्या गडबडीत राहून गेलं.

मागच्या महिन्यात घराचं वायरिंग बदललं. वायरमनने मला न विचारता दाराशेजारी बेलसाठी भोक पाडायला घेतलं. मी नको म्हटल्यावर तो माझ्याकडे जरा काळजीने बघायला लागला. "काकू, मग माणूस आलेला कळल कसा?" असं त्याने विचारलं. मी म्हटलं, दार उघडंच असतं. त्याने ड्रिल खाली ठेवलं, पण मला जाणवलं की हे कारण माहीत असलेली या घरात मी एकटीच उरले आहे. माझ्यानंतर इथे जो राहील तो पहिल्याच दिवशी बेल बसवील आणि त्याचं काही चुकणारही नाही. पण तुम्हाला कारण ठाऊक असावं, म्हणून हे लिहिते आहे.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. पण जिच्याविषयी लिहिते आहे ती बाई आणि तिची माणसं या खोलीत इंग्रजीत बोलत नव्हती. अडेल तिथे आईला विचारा.

त्यांचं नाव डॉक्टर ताहेरा. मूळच्या अफगाणिस्तानातल्या हेरात शहराच्या. त्यांचा मुलगा आपल्या इथल्या विद्यापीठात शिकायला आला होता, तेव्हा परदेशी मुलं इथे बरीच असत. त्याच्या मागोमाग त्या आल्या. मुलाला कुणीही खोली दिली असती, पण सोबत आई आहे, आणि ती परत जाणार नाही असं दिसतं, म्हटल्यावर घरमालक कचरत. तुमच्या आजोबांनी मला न विचारता गच्चीवरची खोली देऊन टाकली. मुलगा शिकून बहिणीकडे जर्मनीत गेला. ताहेराबाईंकडे मात्र तिकडे जाण्यापुरते कागद नव्हते. त्या गच्चीवरच राहिल्या. खोली आधी तात्पुरती होती, मग तात्पुरती हा शब्द आम्ही वापरायचं सोडून दिलं.

तिकडे त्या मोठ्या इस्पितळात हाडांच्या डॉक्टर होत्या. त्यांच्याकडे तुरुंगातून माणसं आणत. पायऱ्यांवरून पडला, मोटारीतून पडला, असं लिहून द्यायची रीत होती. ताहेराबाईंनी दिसलं ते लिहिलं. त्यानंतर त्यांच्या घरी माणसं आली. त्यात त्यांचे यजमान गेले. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, चहा गाळता गाळता, आणि मग साखर किती घालू म्हणून विचारलं. मी नंतर कधी तो विषय काढला नाही.

इथे त्यांना डॉक्टर म्हणून काम करायची परवानगी नव्हती. त्यांनी इथे असेपर्यंत एका गोळीचंही नाव कागदावर लिहिलं नाही. खालच्या दवाखान्यात आजोबा तपासत, सही आजोबांची, आणि त्या मदतनीस. हा नियम त्यांनी आजोबांपेक्षा कडक पाळला. मला साधी डोकेदुखीची गोळी विचारली तरी त्या जिन्याकडे बोट दाखवत. "खाली साहेब बसून राहिलेत ना, त्यांना विचारा."

होय, असंच बोलत. हेरात सोडल्यावर त्या काही काळ पेशावरला होत्या, तेव्हापासून त्यांना उर्दू येत होती, त्यामुळे नांदेडच्या बाजारात त्यांचं काहीच अडलं नाही. मराठी मात्र मी शिकवणार असं मी ठरवलं. अंकलिपी आणली, रोज दुपारी वेळ ठरवला. त्या नेमाने बसत आणि माझ्याशी अगदी शुद्ध तीन वाक्यं बोलत. बाकीची सगळी मराठी त्या भाजीवाल्या मावशीकडून आणि पेशंटांकडून शिकल्या. त्यामुळे हेरातच्या चेहऱ्याची, उंच, करड्या डोळ्यांची बाई "लई दुखून राहिलंय का?" असं विचारी, तेव्हा नवीन माणूस आधी मागे वळून बघे की बोललं कोण.

त्यांच्या कामाची सुरुवात किसनपासून झाली. किसन काळे, पारधी समाजातला, हिमायतनगरच्या बाजूच्या वस्तीवरचा. तेव्हा तिशीच्या आत असेल. चोरीच्या संशयावरून त्याला पोलिसांनी नेलं आणि काही सापडलं नाही म्हणून सोडलं. सोडलं तेव्हा त्याच्याबरोबरच्या कागदावर पळताना पडला असं होतं. आजोबांनी एक्स-रे काढला. हाड शाबूत. तरी त्याला पाय टेकवत नव्हता. आजोबा चित्र दिव्यासमोर धरून विचार करत उभे होते, आणि ताहेराबाई दूध घेऊन जिन्याने वर चालल्या होत्या. उघड्या दारातून त्यांना किसन चालताना दिसला. तळव्याच्या बाहेरच्या कडांवर, जसं तापलेल्या फरशीवर चालतात तसं. त्या दुधाची पिशवी हातात घेऊन आत आल्या आणि आजोबांना हळू आवाजात म्हणाल्या, "यांच्या तळव्यांवर मारलंय."

मग त्यांनी आजोबांना दाखवलं. टाचेखाली आपल्याला निसर्गाने एक गादी दिलेली असते. फार मार बसला की ती फुटते आणि माणूस उभा राहिला की टाच सपाट पसरते. अंगठा वर उचलला तर तळव्यात दोरी ताणल्यासारखी जाणवायला हवी, किसनच्या तळव्यात ती जाणवत नव्हती. एक्स-रेमध्ये यातलं काही येत नाही. आजोबांनी स्वतः बोटाने चाचपून बघितलं, मग स्वतःचा बूट काढून स्वतःचा तळवा चाचपला, आणि म्हणाले, मंगळवारी माझं ऑपरेशन नसतं, मंगळवारी यांना बोलवू.

अशी मंगळवारची बैठक आपल्या बाहेरच्या खोलीत सुरू झाली. पुढे माणसं वाढत गेली. कोठडीत मार खाल्लेले, ऊसतोडीच्या टोळीतला एकजण ज्याला मुकादमाने उचल फिटेपर्यंत कोंडून ठेवलं होतं, मालकिणीने चटके दिलेली कामवाली पोर. ही माणसं एकमेकांना ओळखत नसत, पण एकाने दुसऱ्याला पाठवलेलं असे.

तुम्हाला माहीतच आहे, मला घर नीट लागतं. ताहेराबाईंनी पहिल्या महिन्यात माझी खोली पार उलटीपालटी केली. आधी बेल गेली. बेल वाजली की आत बसलेलं माणूस दचकतं, म्हणून त्यांनी आजोबांकडून तारच काढवली. मग दार. दार लागता कामा नये, आत बसणाऱ्याला बाहेरचा रस्ता दिसला पाहिजे, म्हणून वीट. मग खुर्च्या. कुणाच्याही पाठीमागे कुणी उभं राहू शकणार नाही अशा. गळका नळ दुरुस्त झाला, फडफडणारी ट्यूबलाइट बदलली. पांढरा कोट नाही, नंबर नाही, नाव पुकारणं नाही. माधवराव कंपाउंडर वीस-पंचवीस वर्षं "पुढचा!" असं ओरडत आला होता, त्याला त्यांनी शिकवलं की माणसाजवळ जायचं, शेजारी बसायचं आणि विचारायचं, आत येता का? माधवराव माझ्याकडे तक्रार घेऊन आला. "बाईसाहेब, हा दवाखाना हाय का सोयरिकीची बैठक?"

आणि सगळ्यात मोठा नियम: दर वेळी विचारून हात लावायचा, आणि समोरच्याने हात वर केला की थांबायचं. का, कशाला, अजून थोडंच राहिलंय, असं काही म्हणायचं नाही. लगेच थांबायचं. त्या म्हणत, "त्यांनी किती बी सांगितलं तरी तिथं कोणी थांबलं न्हाई. हितं थांबलं पायजे. औषध ते हाय. बाकी समदं मालिश."

पण या शहाण्या बाईने सुरुवातीलाच एक चूक केली. दुसऱ्याच मंगळवारी त्यांनी कोमट पाण्याची परात घेतली, किसनसमोर जमिनीवर बसल्या आणि रीतसर विचारलं, हात लावू? त्याला वाटलं नाडीला. तो हाव म्हणाला. त्यांनी त्याचे दोन्ही पाय हातात घेतले. किसनने पाय असे ओढून घेतले की परात उपडी झाली, आणि तो तसाच लंगडत रस्त्याला लागला. ताहेराबाईंना वाटलं दुखलं. त्यांना ते फार लागलं.

दुसऱ्या दिवशी किसनची आई शेवंता आली. काखेत एक तांबडी कोंबडी. ती पायरीवर बसली आणि मला म्हणाली, "डाक्टरीणबाईनं माझ्या पोराचे पाय धरले. वयानं मोठ्या, शिकलेल्या. ह्ये पाप आमी कुठं फेडावं? ही कोंबडी घ्या आन् आमाला मोकळं करा."

ताहेराबाईंना हे समजावून सांगायला मला अर्धा तास लागला. त्यांच्याकडे मोठ्यांच्या पाया पडायची रीत नाही, हाताचं चुंबन घेतात. मोठ्याने लहानाचे पाय धरले तर लहानाला पाप लागतं हे त्यांना पटेना. त्या म्हणाल्या, मग पाय मोडला तर इथले डॉक्टर काय करतात? मी म्हटलं, डॉक्टर टेबलाशी उभा राहतो, पेशंट झोपलेला असतो, तेव्हा ते पाय धरणं नसतं. पण तुम्ही त्याच्यासमोर जमिनीवर बसलात. आणि टेबलावर झोपवणं ताहेराबाईंना मान्य नव्हतं, कारण तसं झोपवूनच मारलेलं असतं. झालं, गाडी अडली. कोंबडी जिन्याखाली बांधून ठेवली होती, ती तेवढी बोलत होती.

त्याच आठवड्यात माझी एक मैत्रीण अमृतसरहून दर्शनाला आली होती, म्हणून मी गुरुद्वाऱ्यात गेले आणि ताहेराबाईंना बरोबर नेलं. चपला द्यायला आम्ही जोडाघरात गेलो. तिथे खिडकीमागे सोनेरी काडीचा चष्मा लावलेली एक वयस्क बाई येणाऱ्याजाणाऱ्याच्या चपला दोन्ही हातांनी घेत होती, फडक्याने पुसत होती, खणात ठेवत होती. मैत्रीण म्हणाली, ही आमच्याकडची कॉलेजची प्राचार्य, दरवर्षी सेवेला येते. आमच्या मागे एक हमाल उभा होता, त्याने आपल्या फाटक्या चपला तिच्या हातात दिल्या आणि पुढे गेला. त्यालाही काही वाटलं नाही, तिलाही नाही. ताहेराबाई तिथेच उभ्या राहिल्या. मागची माणसं धक्के मारून पुढे जात होती. मग त्या खिडकीला वळसा घालून आत गेल्या, त्या बाईंशी काही बोलल्या आणि त्यांच्या शेजारी उभ्या राहून चपला घ्यायला लागल्या. मी दर्शन घेऊन आले, लंगरमध्ये जेवून आले, तरी त्या तिथेच.

पुढच्या मंगळवारी त्या आपल्या दाराशी उभ्या होत्या. हातात फडकं. शेवंता किसनला ओढत घेऊन आली होती, कोंबडी डाक्टरीणबाईंना पोचली की नाही हे बघायला. ताहेराबाईंनी किसनच्या चपला दोन्ही हातांनी घेतल्या. शेवंता पुढे झाली, "आवं बाई, पुन्हा?" ताहेराबाई म्हणाल्या, "गुरुद्वाऱ्यात घेतेत का न्हाई?"

"घेतेत."

"तिथं पाप लागते का?"

शेवंताने विचार केला. "तिथं न्हाई लागत. तिथं सेवा ऱ्हाते."

"मंग हितं बी सेवाच हाय."

शेवंताने जिन्याखाली बांधलेल्या कोंबडीकडे बघितलं. मग म्हणाली, "मंग कोंबडी परत नेऊ का?"

"न्हाई," ताहेराबाई म्हणाल्या. "कोंबडी माझी."

त्या दिवशी किसनने पाय परातीत ठेवले. नांदेडचं माणूस कुठल्याही जातीधर्माचं असो, सेवा म्हटलं की पुढे वाद घालत नाही. दाराजवळचं लाकडी कपाट तेव्हाच करून घेतलं. चपलांवरून ताहेराबाईंना पुष्कळ कळे. कुठली कड झिजली आहे ते बघून त्या माणूस आत येईपर्यंत अर्धं निदान करत. पुढे पुढे शेवंताच त्या कपाटाशी बसून लोकांच्या चपला घ्यायला लागली. कोंबडीची अंडी आजोबांनी खाल्ली.

एक आड एक गुरुवारी अशाच बैठकीसाठी आम्ही लातूरला जात असू. तिथे बसवणप्पा नावाचे डाळीचे व्यापारी होते, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, आणि बोलणं एकदम चोख. त्यांनी दुकानामागची खोली फुकट देऊ केली, तीही एसी बसवलेली, काचेचं दार असलेली. त्यांना त्या खोलीचा फार अभिमान होता. ताहेराबाईंनी दार एकदा लावून बघितलं, आतून बाहेरचं काही ऐकू येईना, म्हणून नको म्हणाल्या. "अहो, गार हवा आहे," बसवणप्पा म्हणाले. त्या गोदामात गेल्या. मोठं शटर वर उचललेलं, रस्ता समोर, तुरीच्या पोत्यांची थप्पी. त्या पोत्यावर बसल्या. "हितं बरं हाय." बसवणप्पा मला कानात म्हणाले, बाई डॉक्टर आहेत का हमाल हे मला आधी सांगा. पण आमच्या गुरुवारी गोदाम त्यांनीच झाडून ठेवलं.

तिथे एक शिंपी येत, सलीम मास्तर. कसल्याशा चौकशीत त्यांना नेलं होतं आणि हात मागे बांधून टांगलं होतं. त्यांचे खांदे वर जात नव्हते. कुणी जवळ आलं की ते अंग चोरत. व्यायाम दाखवला तर करत नसत. ताहेराबाईंनी त्यांना विचारलं, मोजमाप घ्याल का? आणि आजोबांना समोर उभं केलं. आजोबा सहा फूट. पहिल्या गुरुवारी सलीम मास्तरांनी फक्त कंबर मापली, तेवढाच हात जात होता. पुढे कधीतरी छाती. दर वेळी टेप लावण्याआधी ते आजोबांना विचारायचे, "साहब, हाथ लगाऊँ?" कारण नियम सगळ्यांना होता. आजोबाही एखादवेळी मुद्दाम हात वर करत, की मास्तर थांबत, आणि मग दोघंही हसत. खांद्याचं माप घ्यायला उन्हाळा उजाडला. बसवणप्पा येणाऱ्याजाणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगत, इथे एक सफारी शिवून राहिलाय, नातवाच्या लग्नापर्यंत होईल. तो बदामी सफारी आजोबांना मुळीच शोभत नव्हता. फोटोत तुम्ही त्याला हसला होतात. तोच हा सफारी.

आता मुख्य गोष्ट सांगते.

किसनने एका तरुण वकीलबाईंच्या मदतीने तालुक्याच्या कोर्टात तक्रार केली होती. मला मारलं, आणि माझ्यावरचा चोरीचा आळ खोटा आहे, एवढंच त्याचं म्हणणं. त्यासाठी त्याला स्वतः साक्ष द्यायला हवी होती. कोर्टात साक्षीदाराला कसं बोलावतात ते तुम्ही पाहिलेलं नाही. शिपाई दारात उभा राहून मोठ्याने पुकारा करतो: अमुक तमुक, हाजीर हो. तीन वेळा. कोठडीतही किसनला रोज असंच नाव पुकारून बाहेर काढत असत. पहिल्या तारखेला पुकारा झाला आणि तो कोर्टाच्या आवारातून निघून गेला. संध्याकाळी नदीकाठी सापडला. दुसऱ्या तारखेलाही तेच. न्यायाधीश साहेबांनी बजावलं की पुढच्या वेळी साक्षीदार उभा राहिला नाही तर तक्रार काढून टाकू. म्हणजे आळ तसाच राहणार, आणि पुढे गावात कुठेही काही हरवलं की पोलिसांची गाडी किसनच्या दारात.

नेमके त्याच सुमाराला ताहेराबाईंचे जर्मनीचे कागद आले. मुलीने कित्येक वर्षं खटपट केली होती. ठरलेल्या मुदतीच्या आत जायला हवं होतं. वकीलबाईंनी कोर्टाची तारीख अलीकडे आणायचा अर्ज केला. तारीख मुदतीच्या पलीकडेच पडली.

मुलीने मला फोन केला. रडत होती. तुम्ही तिला समजवा, म्हणाली. मी समजावलं. सगळ्या बाजू नीट मांडल्या, त्यांचं वय, परदेशी म्हणून इथे दरवर्षी करावी लागणारी नोंदणी, पुन्हा कागद मिळतील याची खात्री नाही. किसनजवळ आम्ही आहोत, आजोबा साक्ष देणार आहेत, हेही सांगितलं. त्या परात घासत होत्या. माझं सगळं ऐकून घेतलं.

"मी त्याला आवाजाची सवय लावून राहिले," त्या म्हणाल्या. "आता मधीच सोडलं तर तो आवाज पुन्हा त्यांचाच होईल."

एवढंच. मुदत टळून गेली.

आवाजाची सवय म्हणजे अशी. मंगळवारची माणसं गेली की किसन थांबे. प्रथम शेवंताने स्वयंपाकघराच्या दारातून हाक मारायची, भाकरीला बोलावतात तशी. मग मी. मग आजोबा. हाजीर हो हे शब्द बऱ्याच दिवसांनी आले, तेही कुजबुजत. किसनने हात वर केला की गप्प व्हायचं. सुरुवातीला नावाचं पहिलं अक्षर निघताच हात वर जाई. शेवटी माधवराव कंपाउंडर, ज्याचं ओरडणं ताहेराबाईंनीच बंद केलं होतं, त्याला ओरडायची परवानगी मिळाली. तो व्हरांड्यात उभा राहून असा पुकारा करी की समोरच्या बँकेचा पहारेकरी डोकावून जाई.

आणि अधूनमधून उलट. पुकारा किसनने करायचा, हाजर आम्ही व्हायचं. पहिल्यांदा त्याच्या तोंडून आवाज फुटेना. एकदा सकाळीच आला आणि कुणी सांगितलं नसताना जिन्याखालून मोठ्याने ओरडला, "डाक्टर साहेब हाजीर हो!" आजोबा अर्धी दाढी झालेली, गालाला साबण, खांद्यावर टॉवेल अशा अवतारात बाहेर आले आणि ताठ उभं राहून म्हणाले, "हाजर आहे." किसनला मी त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने हसताना ऐकलं. शेवंता त्याला म्हणाली, "लई माजलास रं."

तारखेला आम्ही सगळे गेलो. आजोबांनी तो सफारी घातला होता. ताहेराबाईंनी राखाडी शाल. आवारात खाकी वर्दीची माणसं होती, त्यात किसनने ज्यांची नावं घेतली होती ते दोघेही होते. ताहेराबाईंनी माझा दंड धरून ठेवला होता, हे मला नंतर आठवलं. किसन बाकावर बसला होता. पाय जमिनीला पूर्ण टेकलेले.

शिपाई दारात आला. "किसन काळे हाजीर हो."

किसन उठला नाही. त्याचा हात वर गेला, खोलीत जायचा तसा. पंजा उघडा, खांद्याच्या वर.

शिपायाला वाटलं, हा सांगतोय की मी आहे. तो पुढचे दोन पुकारे गिळून म्हणाला, "हाजर हाय का? मंग या की आत."

आवाज थांबला होता. किसनने स्वतःच्या हाताकडे बघितलं. मग ताहेराबाईंकडे. मग तो उठला आणि चालत गेला. दाराशी त्याने चपला काढल्या. शिपाई म्हणाला, घाला घाला, हे देऊळ न्हाई. त्याने घातल्या नाहीत. अनवाणी, टाचा टेकवून तो पिंजऱ्यात उभा राहिला आणि विचारलेलं सगळं सांगितलं. मध्ये एकदा हात वर केला. साहेबांनी विचारलं, काय आहे? त्याने पाणी मागितलं. त्याला पाणी मिळालं.

आजोबांची साक्ष तपासणारा डॉक्टर म्हणून झाली. मग ताहेराबाईंना बोलावलं. समोरचे वकील तयारीनिशी आले होते. तुमच्याकडे इथला डॉक्टरीचा परवाना आहे का, असं त्यांनी विचारलं. नाही. मग इथे तुम्ही डॉक्टर नाही? नाही. मग या माणसाच्या पायांविषयी तुम्ही कोण म्हणून बोलता?

ताहेराबाई माझ्या अंकलिपीतली मराठी आठवत असाव्यात. मग बाजारातलीच बोलल्या.

"तिथं डॉक्टर होते. हितं चपला ठेवते. पाय दोन्हीकडं सारखेच हायत, साहेब."

कोर्टात कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घ्यायला सांगितलं.

तुम्ही विचाराल निकाल काय लागला. चोरीचा आळ काढला गेला. मारहाणीचं प्रकरण पुढे चालवायचा हुकूम झाला, त्याला वरच्या कोर्टात आव्हान दिलं गेलं, आणि ते अजून तिथेच आहे. वकीलबाईंच्या केसांत आता पांढरं दिसतं. किसन वस्तीवर शेळ्या राखतो. थंडीत त्याच्या टाचा अजून दुखतात. त्याच्या पोरीचं नाव त्याने तारा ठेवलं. ताहेरा ठेवायचं होतं, शेवंताने मोडता घातला की पोरीला हाक मारताना मोठ्या माणसाचं नाव तोंडात कसं घ्यायचं.

जर्मनीचे कागद पुन्हा यायला बराच काळ गेला. त्या काळात आजोबा गेले. शेवटच्या आजारात त्यांना कूस बदलून द्यायचं काम ताहेराबाईंनी केलं, आणि दर वेळी विचारून केलं, ते बोलेनासे झाल्यावरही. मग एका फेब्रुवारीत त्या निघाल्या.

दिल्लीची गाडी सकाळची. शेवंता, किसन, माधवराव आणि मी स्टेशनवर गेलो. सलीम मास्तर लातूरहून आले होते, त्यांनी शिवलेला एक जाड कोट घेऊन, माप न घेता, नुसत्या अंदाजाने. तो बरोबर बसला. शेवंताने या वेळी कोंबडी आणली नव्हती, ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती. डब्यात चढताना ताहेराबाईंनी सवयीने पायातल्या चपला काढल्या. आपण घरात शिरत नाही आहोत हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्या चपला हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. किसनने त्या त्यांच्या हातातून दोन्ही हातांनी घेतल्या, उपरण्याने पुसल्या, आत जाऊन त्यांच्या बाकाखाली ठेवल्या आणि खाली उतरला.

गाडी हलली तसा किसन डब्याबरोबर चालू लागला. ताहेराबाई दारात दांडा धरून उभ्या होत्या. मी हात हलवत होते, शेवंता डोळे पुसत होती. त्या आमच्यापैकी कुणाच्याच तोंडाकडे बघत नव्हत्या. मान खाली घालून किसनच्या पायांकडे बघत होत्या, टाच आधी टेकते का ते. फलाट संपेपर्यंत त्या तशाच बघत होत्या.

आता त्या मुलीकडे असतात. गुडघे त्यांचेच धरले आहेत. फोनवर माझ्याशी मराठी बोलतात, कारण तिथे दुसरं कोणी त्यांच्याशी मराठी बोलत नाही. पहिला प्रश्न मंगळवारी किती आले हा असतो.

येतात. त्यांच्या हाताखाली शिकलेली एक फिजिओथेरपिस्ट मुलगी येते, आजोबांच्या खोलीत आता एक तरुण डॉक्टर बसतात. कपाटाशी शेवंता असते. परात तीच आहे. वीट दोनदा बदलली. मंगळवारी सकाळी मी दार उघडते, वीट लावते आणि खुर्च्या भिंतीला सरळ करून ठेवते. वायरमनने पाडायला घेतलेलं भोक बुजवून घेतलं आहे. बेल नाही.

तुमची,
आजी